जांभळा लिही

“जांभळा लिही आणि मोकळी हो,” आई म्हणाली. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघता पुन्हा म्हणाली, “एक शब्द तर हाय. लिहायला काय जातंय तुझं?”

मी चुलीपुढे बसून वेणी घालत होते. त्या दिवशी माझी बारावीच्या जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि ती मी दुसऱ्यांदा देत होते. आदल्या वर्षी बाकी सगळ्या विषयांत बऱ्यापैकी मार्कांनी पास होऊन मी नेमकी या प्रात्यक्षिकात आपटले होते. आमच्या वेळी त्यात वेगळं पास व्हावं लागे. का आपटले ते घरात सगळ्यांना तोंडपाठ होतं. परीक्षानळीतला रंग बाकी सगळ्यांनी जांभळा लिहिला आणि मी निळा लिहिला. सरांनी दोनदा सांगूनही खोडला नाही. मग तोंडी परीक्षेत त्यावरून वाद घातला, आणि ‘मुलगी उद्धट आहे’ असं ठरून माझं वर्ष गेलं.

वडिलांनी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच केलं की हिराला आठवीत घातलं नाही. हिरा माझी धाकटी बहीण. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत, पुढे एसटीने तालुक्याला जायचं, आणि दोघींना एका वेळी पाठवायची घरची ऐपत नव्हती. माझं आटोपलं की हिराचा नंबर, असं ठरलेलं. माझं आटोपलं नाही, म्हणून ती वर्षभर शेरडांमागे फिरली.

“यंदा बी काय तमाशा झाला तर दोघी बी घरात,” वडील सकाळीच म्हणाले होते. “मला परत सांगू नगा निळं का पिवळं.”

तेव्हा मी ठरवलं होतं, की जांभळा लिहायचा. खरंच ठरवलं होतं. शहाणपण म्हणतात ते हेच असावं अशी मनाची समजूतही घातली होती.

मी निघाले तेव्हा हिरा गोठ्याच्या कोपऱ्यावर उभी होती. तिने माझा जेवणाचा डबा स्वतःच बांधून आणला होता. हातात देताना म्हणाली, “आक्का, आडवा धरू नगं. पिठात अंडं पुरलंय.”

“अंडं? कॉलेजात? मारतील मला.”

“तूच म्हणाली हुतीस न्हवं, त्यांच्या बाटलीत अंडं न्हाईच म्हणून? मग दाव की त्यांला अंडं कसं असतंय ते.”

“मी जांभळा लिहिणार हाय, हिरे.”

“लिही की,” ती म्हणाली. “नाय लागलं तर माघारी आण. कोंबडी आपलीच हाय.”

आता हे अंड्याचं प्रकरण सांगायला हवं. आमचं कॉलेज मठाच्या जागेवर उभं होतं. जागा देताना मठाने अट घातली होती, की आवारात मांस, मच्छी, अंडं येणार नाही. फाटकावर तशी पाटीच होती. एकदा दोन पोरं डब्यात अंड्याची पोळी घेऊन आली तर त्यांना आठवडाभर घरी बसवलं होतं. ज्याची जागा त्याचा नियम, मला त्याचं काही म्हणायचं नाही. पण याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक बाटली होती आणि तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘अंड्यातील पांढरा भाग’. फाटकातून हे अंडं आत कसं आलं, असं कोणी कधी विचारलं नाही. परीक्षेच्या दिवशी त्या बाटलीवर तीन नंबरची चिठ्ठी डकवत, मुलांना आत काय आहे ते कळू नये म्हणून. सगळ्या मुलांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक असे. एक नंबर ग्लुकोज, दोन नंबर स्टार्च, तीन नंबर प्रथिन, चार नंबर तेल. नंबर कधी बदलत नसत. चिठ्ठी उचलायची, नंबर बघायचा, पुस्तकातला रंग लिहायचा. नळीकडे बघायची गरजच काय?

हे मला जास्त लागलं, कारण आम्हाला शिकवणारे देशिंगकर सर उत्तम शिकवत. खोटं कशाला बोलू? पहिल्याच तासाला ते म्हणाले होते, “मुंगी घ्या, वडाचं झाड घ्या, नाहीतर आपले प्राचार्य घ्या. आत सामान एकच. भरपूर पाणी, आणि पिष्टमय पदार्थ, स्निग्ध पदार्थ, प्रथिनं. मांडणी तेवढी निराळी.” वर्ग हसला होता. प्रथिन म्हणजे बारीक कड्यांची लांबच लांब साखळी, हे त्यांनी पोरांना हात धरून ओळीत उभं करून दाखवलं. कॉस्टिक सोडा टाकला आणि मोरचुदाचे दोन थेंब सोडले, की मोरचुदातलं तांबं त्या साखळीला जाऊन बिलगतं, म्हणून निळ्याचं जांभळं होतं. साखळीच नसेल तर तांबं बिलगणार कुणाला? ते निळंच राहणार. आणि वर म्हणाले होते, “डोळ्यांना दिसेल तेच लिहायचं. विज्ञानात दुसरा धर्म नाही.” मी ते वाक्य मनापासून खरं धरलं, आणि त्याच माणसाने मला त्यासाठी नापास केलं.

प्रयोगशाळेत आम्हाला रांगेने उभं केलं. बाहेरून परीक्षक म्हणून सबनीस मॅडम आल्या होत्या, मोठ्या चष्म्याच्या, हळू बोलणाऱ्या. देशिंगकर सर त्यांच्या मागे मागे. मला बघून ते जवळ आले आणि पुटपुटले, “मदने, या वेळी शहाण्यासारखं वाग. माझ्याकडून काही कमी पडणार नाही.”

“हो सर,” मी म्हटलं.

चिठ्ठी उचलली. तीन नंबर. नशीब म्हणतात ते असं हात धुऊन मागे लागतं.

माझ्या शेजारच्या टेबलावर पुष्पलता होती. तिलाही तीनच आला होता. तिने नळीत बाटलीतलं पाणी ओतलं, थेंब टाकले, आणि नळी स्टँडला लावून सरळ लिहायला बसली. मीही ओतलं. पांढुरकं, गढूळ पाणी, आणि तळाशी पांढरा गाळ. अंड्याचा बलक सोडून उरतं ते असं असतं का? ते चिकट असतं, तार धरतं, ओतताना एकदम लोंबतं. हा गाळ तर कपड्यांना खळ करताना खाली बसतो तसा बसला होता. मी कॉस्टिक सोडा टाकला. मोरचूद टाकलं. हलवलं. निळं.

आमचा सगळा मुलूख द्राक्षांचा. फवारणीच्या दिवसांत आमच्याकडे पानं निळी, पंप निळे, बायकांच्या साड्यांचे काठ निळे. मोरचुदाचा निळा रंग ओळखायला मला पुस्तक लागत नव्हतं. वेगळ्या नळीत मी आयोडीनचा थेंब टाकून पाहिला, तर ते काळंनिळं झालं. म्हणजे स्टार्च. स्वच्छ, उघडं, शंभर टक्के स्टार्च. मला इतका राग आला की कानशिलं तापली. माझं वर्ष, हिराची आठवी, बापाची मान खाली, सगळं या गढूळ पाण्यापायी.

तरीही मी पेन उचललं. ‘रंग’ या रकान्यापुढे ‘जां’ लिहिलं. हे मी लपवत नाही. तेवढ्यात सबनीस मॅडम माझ्या टेबलाशी थांबल्या.

“काय रंग आला तुझा?”

मला जांभळा म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, “निळा.”

“निळा?”

“मॅडम, ती रिपीटर आहे,” देशिंगकर सर लगबगीने म्हणाले. “जरा हट्टी आहे. गेल्या वर्षीही हेच.”

“नमुना कोणता दिलाय?”

“अंड्यातलं अल्ब्युमिन.”

“मग जांभळाच यायला हवा,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी नळी खिडकीकडे धरली. बराच वेळ धरली. मला वाटलं, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, “कधी कधी छटा फिकट येते.”

“फिकट न्हाई मॅडम. निळा हाय,” मी म्हटलं. रागावले की माझी घरची भाषा बाहेर पडते.

सरांनी पुष्पलताची नळी उचलली. “तुझा रंग कोणता गं?”

पुष्पलता यंदा माझ्या बाकावर बसणारी, माझ्या डब्यातलं खाणारी. तिने नळीकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि म्हणाली, “जांभळा, सर.”

“तुझा रे?”

“जांभळा.”

“तुझा?”

“जांभळा, सर.”

तीन नंबर आलेल्या सगळ्यांना विचारून झालं. सगळ्यांच्या हातात निळ्या नळ्या आणि सगळ्यांच्या तोंडी जांभळा. एकाचाही आवाज अडखळला नाही. त्यांना मी दोष देत नाही असं म्हणण्याचा मोठेपणा माझ्यात तेव्हा नव्हता आणि आजही नाही. डोळे देवाने दिलेले होते ना?

“बघितलंस?” सर म्हणाले. “सगळं जग चुकीचं आणि तू एकटी बरोबर?”

मी पायाशी ठेवलेला डबा उघडला. पिठात बोटं घालून अंडं बाहेर काढलं आणि टेबलाच्या कडेवर टिचकावलं.

“अंडं!” कुणीतरी ओरडलं. देशिंगकर सर दोन पावलं मागे सरकले, जणू मी साप काढला होता.

“मदने! काय करतेस? ठेव ते! हे आवार कुणाचं आहे ठाऊक आहे ना?”

मी पांढरं तेवढं नवीन नळीत सोडलं. त्याची तार लोंबली, ती मॅडमनीही पाहिली. थोडं पाणी घातलं, कॉस्टिक सोडा घातला, मोरचुदाचे थेंब सोडले आणि हलवलं. मनात धाकधूक होती, की नाहीच आलं तर? पुस्तकातलंही खोटं निघालं तर? मी तो रंग जन्मात कधी पाहिला नव्हता. आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

आणि आला. भर फुललेल्या वांग्याच्या फुलाचा रंग. नळीभर आला.

मी निळी नळी डाव्या हातात धरली आणि जांभळी उजव्या. पोरं टेबलं सोडून पुढे आली, सर त्यांना हटकायचं विसरले. मागून एक मुलगा हळूच म्हणाला, “असा असतो होय जांभळा?” दोन वर्षं त्या विषयाला बसलेला मुलगा होता तो.

कुणीतरी धावत जाऊन प्राचार्यांना आणलं. इनामदार सर दारातूनच ओरडत आले, “कुणी आणलं? कुठंय ते?” त्यांनी नळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेबलावरची टरफलं पाहिली. “मठाच्या जागेत अंडं! उद्या स्वामीजींना काय तोंड दाखवू मी? हिला आत्ताच्या आत्ता बाहेर काढा. परीक्षा रद्द.”

“एक मिनिट,” सबनीस मॅडम म्हणाल्या. त्या देशिंगकर सरांकडे वळल्या होत्या. “इथे अंडं चालत नाही ना? मग तुमच्या बाटलीत काय आहे?”

सर बाटलीवरची चिठ्ठी चाचपू लागले.

“सर, मी विचारतेय.”

“आरारूट,” सर म्हणाले. “पाण्यात कालवलेलं. दिसायला साधारण तसंच दिसतं.”

“म्हणजे स्टार्च.”

“मॅडम, नियमच आहे तसा. अंडं आणता येत नाही. प्रयोग तर अभ्यासक्रमात आहे. करणार काय?”

“मटकी भिजवायची,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर हरभरा. वाटून, गाळून त्याचं पाणी घ्यायचं. तेही प्रथिनच आहे. असंच जांभळं होतं.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अंड्याची गरजच नव्हती! मठाची अट मोडायची गरज नव्हती, कुणाशी भांडायची गरज नव्हती. मूठभर मटकी. आमच्या घरी दर दोन दिवसांनी टोपल्यात मोड येत पडलेली असायची, तीच.

प्राचार्यांना मटकीत रस नव्हता. “ते तुम्ही बघा,” ते म्हणाले, “पण या मुलीला शिक्षा झाली पाहिजे. हिने माफी लिहून द्यावी, मग काय ते ठरवू.”

“लिहून देते,” मी म्हटलं. “अंडं आणलं त्याची माफी मागते. निळ्या रंगाची न्हाई मागणार.”

मॅडमनी मला बाजूला खिडकीशी नेलं. माणूस वाईट नव्हत्या त्या. फक्त भांडणाची त्यांना सवय नव्हती. आवाज खाली करून म्हणाल्या, “हे बघ बाळ, या सगळ्या मुलांनी जांभळा लिहिलाय. तुझा निळा बरोबर धरला तर त्यांचं सगळ्यांचं चूक होतं. मोठं प्रकरण होईल. आता तुझ्या हातात जांभळी नळी आहेच ना? ती बघ आणि जांभळा लिही. खोटंही होत नाही. मी तुला पास करते.”

इतक्या मऊ आवाजात इतकं वाईट मला कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि मोह झाला, का नाही होणार? आईचा तवा आठवला, वडील आठवले. खोटं होत नव्हतं, हेही खरं. पण मग ती डावी नळी काय होती? ती मी आणलेली नव्हती. ती मला त्यांनी दिली होती.

मी जागेवर बसले. ‘जां’ खोडलं आणि लिहिलं: ‘कॉलेजने दिलेला नमुना: निळा. प्रथिन नाही. आयोडीनने काळानिळा, स्टार्च आहे. मी आणलेलं अंडं: जांभळा. प्रथिन आहे.’ खाली सही केली, मालन मदने, आणि कागद मॅडमच्या हातात दिला.

त्यांनी तो वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. “हे मला वर कळवावं लागेल.”

“कळवा की मॅडम.”

त्यांनी कळवलं नाही. मला काठावर पास केलं, अगदी लागतील तेवढेच मार्क दिले. जांभळा लिहिणाऱ्यांनाही पास केलं आणि त्यांना माझ्याहून जास्त दिले. त्यांचंही बरोबर आणि माझंही बरोबर! अंड्याची माफी मी प्राचार्यांना लिहून दिली. टेबल फिनाइलने दोनदा पुसून घेतलं, आणि ती जांभळी नळी देशिंगकर सरांनी स्वतः मोरीत ओतली. पुष्पलता बाहेर पडताना माझ्या कानाशी म्हणाली, “कसला सुंदर रंग होता गं.” मी तिच्याशी पुढे कधी बोलले नाही.

एसटी स्टँडकडे निघाले तर मागून सायकल हातात धरून देशिंगकर सर आले.

“रागावलीस?” ते म्हणाले.

“सर, तुम्हाला त्या नळ्या निळ्या दिसत नव्हत्या?”

“दिसत होत्या की. दरवर्षी दिसतात.”

“आणि मटकीचं? ते आजच कळलं तुम्हाला?”

ते हसले. कसनुसं का होईना, पण हसले. “अगं, एवढं ठाऊक नसेल का मला? बी.एस्सी.ला आम्ही हरभऱ्यावरच तर केला होता प्रयोग. पण ते आदल्या दिवशी भिजवा, वाटा, गाळा, कोण करतं? आरारूट बरं पडतं. पाण्यात ढवळलं की झालं. पोरं तर जांभळाच लिहितात.”

मी रस्त्यातच थांबले. इतके दिवस मला वाटत होतं, की मठाच्या धाकाने त्यांचा नाइलाज झाला असेल, नोकरीची भीती असेल. माणूस भित्रा असेल तर एक वेळ समजून घेता येतं. पण हे भिणंही नव्हतं. एक मूठ मटकी भिजवायचा कंटाळा होता, बाकी काही नाही.

“म्हणजे एवढ्यासाठी माझं वरीस घातलं?”

“मी कुठं घातलं?” सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखरच दुखावलेला होता. “मी तुला दोनदा सांगितलं होतं, खोड म्हणून. तू तेव्हाच जांभळा लिहिलं असतंस तर काही झालं नसतं.”

“सर, माझ्या बहिणीची शाळा सुटली त्यात. आता ती म्हणते, तिच्यापेक्षा लहान पोरींच्यात बसायची लाज वाटते, जाणार न्हाई. माझं तर ती ऐकत न्हाई. तुम्ही छान शिकवता. एकदा घरी येऊन तिला समजावून सांगा, तिचं वरीस कशापायी गेलं ते.”

“येतो की,” ते म्हणाले. “सवड मिळाली की नक्की येतो.”

माझा निकाल लागला, मी तालुक्याला तपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागले, हिराचं लग्न झालं, तिची पोरं मोठी झाली. सर काही आले नाहीत.